रावमामांचा पालथा हात

रावमामा कुणाच्याही घरात शिरले की आधी भिंतीवरच्या प्लगला हात लावायचे, आणि तोही पालथा. माणसांची विचारपूस त्यानंतर. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी पुढे केलेला कॉफीचा टंबलर माझ्याच हातात राहिला आणि हे गृहस्थ आमच्या भिंतीचा ताप बघत उभे! पालथा हात का, असं विचारलं तर म्हणाले, "तळव्यास करंट लागट्ला तर मूठ मिटते मा, मग सुटत नाहीं. पालथ्यास लागट्ला तर हात आपणच मागं येते. उघड्या वायरीस तर तेही नको."

विजेच्या खात्यात फोरमन म्हणून उभं आयुष्य काढून ते तंजावूरला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत राहतात. कमरेला पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, खिशात पेनाच्या जागी टेस्टर. आम्हा तंजावरी मराठी लोकांतल्या बहुतेकांप्रमाणे त्यांनाही देवनागरी वाचता येत नाही. हे लिहिलेलं मीच त्यांना वाचून दाखवणार आहे, आणि ते काय म्हणतील तेही मला ठाऊक आहे: "मज सांगू नको, दाखीव." मीटर, मेस्त्री, दुकानदार, कुणाच्या शब्दावर म्हणून या माणसाचा विश्वास नव्हता.

पापनाशमच्या शाळेत शिकवायला जाण्यासाठी मी विजेवरची स्कूटर घेतली, तेव्हा त्यांची आणि माझी खरी गाठ पडली. बॅटरी काढून घरात आणता येते याचं मला कोण कौतुक! पुढच्या खोलीत, रस्त्याच्या दाराशी ती चार्जिंगला लावायची. त्याच खोलीत आईची खाट. आईचे गुडघे गेलेत, दोघांनी उचलल्याशिवाय ती हलत नाही.

मामांनी खाट पाहिली, बॅटरी पाहिली. "अम्मास बाहेर न्यायचं झालं तर वाट कोंची?"

"हीच."

"आणि त्या वाटेंतच हे ठेवलीस?"

मी म्हटलं, घराला अर्थिंग आहे, प्लगला तिसरं भोकही आहे. लगेच, "दाखीव." त्यांनी दोन वायरींचा एक बल्ब काढला. दोन भोकांत लावला, पेटला. मग एक वायर तिसऱ्या भोकात घातली. बल्ब ढिम्म. भिंतीतली ती वायर कुठेच जोडलेली नव्हती. इतकी वर्षं आम्ही त्याच प्लगवर मिक्सर फिरवत होतो!

मग सत्तरीच्या या माणसाने आमच्या कोल्लैत, म्हणजे परसात, स्वतः खड्डा खणला, कोळसा-मीठ भरून त्यात सळई पुरली. मागच्या पत्र्याच्या शेडपर्यंत वेगळी लाइन ओढली, तिला वेगळा ब्रेकर बसवला. चार्जिंग तिथेच, घराबाहेर. जाताना मला ताकीद: "तुळशीस पाणी घालतीस ना? ह्यासही तांब्याभर घाल. माती कोरडी झाली तर अर्थ मेला." समोरच्या सेल्वमच्या विजेवर चालणाऱ्या मालवाहू रिक्षाचा चार्जर खिडकीतून लोंबत असे. तोही त्यांनी असाच वठणीवर आणला.

आणि तरी मी माती खाल्लीच. आयुधपूजेला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं-अवजारं पूजेला मांडतात, त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत. मी मोठ्या भक्तीने बॅटरी मांडली. तिच्या पिना असतात त्या तोंडावर ओलं चंदन थापलं, कुंकू लावलं, आंब्याच्या पानाने पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी विजयादशमी. शाळेत लहानग्यांचा अक्षरारंभ, म्हणजे सुट्टी नाही. बॅटरी अर्धीच भरलेली. कोल्लैपर्यंत कोण जातंय, म्हणून पहाटेच चंदन पदराने वरवर पुसलं, पिनांच्या खाचांतलं ओलं तसंच राहिलं, आणि देवाजवळच्या जुन्या प्लगला लावून टाकली. आईच्या खाटेपासून चार हातांवर.

विजयादशमीला जो तो आपला धंदा नव्याने सुरू करतो. मामांचा मुहूर्त म्हणजे पूजेतला टेस्टर उचलायचा आणि गल्लीतली घरं तपासायची. ते आत आले, प्लगला पालथा हात लावला, मग बॅटरीजवळ नुसता धरला. ना ओरडले, ना रागावले. सरळ मेन स्विच पाडला आणि म्हणाले, "सुधा, अम्मास बाहेर काढ. अत्तांच."

सेल्वम धावत आला. मामांना तो ताता, म्हणजे आजोबा, म्हणतो. "ताता, नुसती गरमच आहे. उचलून अंगणात टाकतो."

"तीस हात लावू नको! अम्मास उचल."

आम्ही आईला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून सेल्वमच्या ओट्यावर नेलं. मामांनी दार ओढून घेतलं, फायर सर्व्हिसला फोन लावला आणि रस्त्यात हात आडवे करून उभे राहिले. मला मनातून लाजच वाटत होती, सुंडलाचं, म्हणजे प्रसादाच्या उसळीचं, पातेलं चुलीवर ठेवून अख्खी गल्ली तमाशा बघायला जमली होती. तेवढ्यात आतून मोठ्याने फुसफुस ऐकू आली. मग दाराच्या फटीतून पांढरा धूर, मग ज्वाळा. देवांच्या तसबिरी गेल्या, आईची खाट गेली. आई ओट्यावर बसून बघत होती.

आयुष्यभर विजेला हात लावत आलेल्या माणसाला कशाला हात लावायचा नाही हे त्या क्षणी कळलं होतं. मी रस्त्यातच त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "ऊठ मा," एवढंच म्हणाले. चंदनाबद्दल त्यांनी मला आजवर एक शब्द ऐकवलेला नाही.

यंदाच्या विजयादशमीला ते सेल्वमच्या चार्जरला हात लावून म्हणाले, "थंड अहे." सेल्वमने चाचपून पाहिलं. चार्जर चांगला तापलेला होता. मामांनी पुन्हा हात ठेवला, मग डावा ठेवला. शुगरने दोन्ही हातांची संवेदना गेली होती. दुसऱ्या कुणी ही गोष्ट लपवली असती. हे मात्र गल्लीच्या मधोमध उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "सगळे ऐका. माझ्या हातास आतां समजत नाहीं. मी थंड सांगट्लों तरी खरं मानू नका."

मग माझ्या दाराशी आले. "सुधा, चल."

पुढच्या घरी त्यांनी माझा हात धरला, पालथा केला आणि प्लगवर टेकवला.

"कसं अहे?"

"थंड," मी म्हटलं.

मला वाटलं, आता म्हणतील, दाखीव. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले, टेस्टर माझ्या हातात दिला आणि पुढच्या घराकडे चालू लागले.