पहिला तांब्या गार

हिरेकुंबीच्या बाळंतिणींना न्हाऊ घालणाऱ्या सावंत्रव्वाबद्दल साऱ्या गावाची एकच तक्रार होती. बाईचा हात सोन्याचा, पण पाण्याचा अंदाज पार गेलेला. तेल चोळून अंग कापसासारखं मऊ करील, पोट बांधील, बाळाच्या टाळूवर तेल जिरवील, पण पाठीवर पहिला तांब्या ओतील तो हमखास गार. बाळंतिणीच्या अंगावर गार पाणी! पोरी किंचाळायच्या.

"अगं म्हातारे, मारतेस का मला? डोळे फुटले का तुझे?"

"चुकलं गं माझी आई," म्हणून सावंत्रव्वा हसायची आणि मग हंड्यातलं कढत पाणी विसणून अशी न्हाऊ घालायची की पोरगी बसल्या जागी पेंगायला लागे.

अंदाज काही गेला नव्हता तिचा. ती रोज त्या ओरड्याची वाट बघायची. पोरगी भांडली की हिचा जीव भांड्यात पडायचा. का, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

गिरिजव्वाची लेक दाक्षायणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तोंडाची फटकळ. पहिले तेरा दिवस तिनं सावंत्रव्वाच्या सात पिढ्या उद्धरल्या. चौदाव्या दिवशी गार पाणी पाठीवर गेलं आणि दाक्षायणीनं मानसुद्धा वळवली नाही. पंधराव्या दिवशी तेच. सोळाव्या दिवशी सावंत्रव्वानं गार पाण्याचा दुसराही तांब्या ओतला. पोरगी भिंतीकडे बघत बसली. बाळ पलीकडे रडत होतं, तिकडेही तिचं लक्ष नव्हतं.

सावंत्रव्वा हात पुसत स्वयंपाकघरात आली. गिरिजव्वा डिंकाचे लाडू वळत होती.

"गिरिजव्वा, पोरीला डॉक्टरीणबाईला दाखव. आजच."

"का? ताप आहे का?"

"भांडत नाही ती."

गिरिजव्वा हसायलाच लागली. "अगं, मग बरंच की! कानात कापूस, डोक्याला फडकं, तोंड बंद. आता कशी बाळंतिणीसारखी वागायला लागली. बोललं की वारं शिरतं, हे तूच सांगत असतेस ना गावाला?"

"सांगायचे. माझ्या लेकीला, काशव्वालाही तेच सांगितलं होतं."

लाडू वळणारा हात थांबला. काशव्वा बाळंतपणात विहिरीत पाय घसरून गेली, एवढंच गावाला ठाऊक होतं. त्यालाही बावीस वर्षं झाली होती.

"पाय घसरला नव्हता गं," सावंत्रव्वा म्हणाली. "कानातला कापूस काढून काठावर नीट ठेवला होता तिनं. वर खडा ठेवला होता, उडू नये म्हणून."

गिरिजव्वानं हातातला लाडू परातीत टाकला. मग परात सरकवून उठली. "तुझ्या घरातलं अमंगळ माझ्या दारात आणू नकोस. चाळीस दिवसांच्या आत उंबरा ओलांडून हिला दवाखान्यात नेली आणि सासरी कळलं, तर काय म्हणतील? वेडी पोरगी गळ्यात बांधली म्हणतील. उद्यापासून येऊ नकोस."

सावंत्रव्वा दाराकडे गेली नाही. सरळ बाळंतिणीच्या खोलीत शिरली, खाटेशी बसली आणि दाक्षायणीच्या दोन्ही कानांतला कापूस तिनं स्वतःच्या हातानं काढला.

"पोरी, जगावंसं वाटत नाही का गं तुला?"

असं कुणी बाळंतिणीला विचारतं का? मागून आलेली गिरिजव्वा तिला ओढायला धावली. तेवढ्यात दाक्षायणी बोलली. आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसा.

"बाळ रडतं ना अव्वा, तेव्हा वाटतं, मी नसले तर ते गप्प होईल."

गिरिजव्वा दारातच खाली बसली.

त्याच दुपारी डोक्याला शाल गुंडाळून दाक्षायणीला जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलीत. पंधरा दिवस तिथं ठेवली, पुढं किती महिने गोळ्या. तिकडे सासरी कळायचं ते कळलंच. ती माणसं येऊन नाही नाही ते बोलून गेली. गिरिजव्वानं त्याचं खापर सावंत्रव्वावर फोडलं. "हिनंच गावभर केलं," असं ती ज्याला त्याला सांगायची. काशव्वानं जीव दिला, हेही तिनंच सांगितलं. लेकीला न्हाऊ घालायला पुन्हा काही तिला बोलावलं नाही. हळूहळू इतरांनीही बोलावणं सोडलं. जिची लेक अशी गेली, तिचा हात ओल्या बाळंतिणीला कशाला?

सावंत्रव्वानं कुणाला उलटून विचारलं नाही. सकाळी बसवण्णाच्या देवळात जायची, कपाळाला विभूती लावायची, देवासमोर थोडी बसायची आणि घरी यायची.

असंच एकदा परतताना ती गिरिजव्वाच्या परसामागच्या बोळातून चालली होती. न्हाणीच्या मोरीतून वाफाळतं पाणी वाहत होतं. आतून आवाज आला.

"आई! भाजून काढतेस का मला? जरा हात घालून बघत जा की आधी!"

सावंत्रव्वा जागीच थांबली. तिनं न्हाणीच्या भिंतीला हात लावला. भिंत ऊन होती.

काशव्वाला तिनं अठ्ठावीस दिवस न्हाऊ घातलं होतं, अगदी बेताच्या पाण्यानं. पोर एकदाही ओरडली नव्हती. माझी लेक बघा किती सोशीक, असं तीच गावभर सांगत फिरली होती.

मोरीतलं पाणी वाहायचं थांबेपर्यंत ती तिथं उभी राहिली. मग "शिवा, शिवा" म्हणत घराकडे चालू लागली.