बस म्हणणारा हात

मिस्त्री तोंडाने ‘बस’ म्हणत नसत. मनगटातून उजवा पंजा उभा करत, की भात वाढणारा पुढे सरके. गिऱ्हाईक फार बोलू लागलं तरी तोच पंजा. तुमच्याही गल्लीत असा शब्द वाचवणारा एखादा असेल.

बालाघाटला माझ्या घराला लागून त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटरी उघडायच्या आणि तांब्याची नवी तार भरायची. मी शाळेत शिकवतो, म्हणून त्यांचा ‘गुरुजी’.

खैरलांजीच्या एका लग्नाहून आम्ही माझ्या मोटरसायकलवर परतत होतो. खिशातला फोन वाजला. एका हाताने तो काढायला गेलो आणि गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. मला खरचटलं. मागे बसलेल्या मिस्त्रींच्या दंडाचं हाड मोडलं, हाडालगतची नस आतून तुटली. हाड जुळलं, पण मनगट लटकलं ते लटकलंच. पंजा उभा होईना, बोटं उघडेनात.

मी सगळ्यांना सांगितलं, म्हैस आडवी आली. दवाखान्यात कोणीतरी मिस्त्रींना विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“हौ,” ते म्हणाले. “काळी होती.”

माझा फोनही काळाच.

डॉक्टरांनी समजावलं, नसेचं वरचं आवरण शाबूत आहे. आतले धागे पुन्हा वाढत खाली उतरतील, पण फार हळू. तोवर मनगटाला पट्टी, आणि दुसऱ्या हाताने बोटं हलवत राहायची. फारच उशीर झाला तर नस पोचूनही वाळलेला स्नायू ऐकणार नाही.

“आपल्याकडं वायर जळली त नवी टाका लागते,” मिस्त्री म्हणाले. “हे सोताच वाढते म्हणते. आपला धंदा बसला समजा.”

नस कुठवर आली ते टिचकीने कळे. दंडापासून ठोकत खाली यायचं. जिथे ठोकल्यावर हाताच्या पाठीवर मुंग्या धावतील, तिथवर ती आली. मिस्त्रींनी तिची बालाघाटहून कटंगीला जाणारी रेल्वेगाडी करून टाकली. दंड म्हणजे बालाघाट, कोपर वारासिवनी, अंगठा कटंगी. जाणारा-येणारा विचारी, “मिस्त्री, गाडी कहाँ तक पहुँची?”

“येऊन राह्यली.”

लटकत्या मनगटालाही ते हेच सांगत. “झोपू नको बा. येऊन राह्यली.”

दुकानात तार आता त्यांच्या पत्नी, वहिनी, भरत. मिस्त्री शेजारी बसून डाव्या हाताने दाखवत. त्याच दिवसांत एका पंगतीत जेवायला पट्टी सोडून बसलेल्या मिस्त्रींनी सवयीने हात पुढे केला. पंजा खाली पडला, वाढणाऱ्याला वाटलं अजून हवाय. ताटात भाताचा डोंगर झाला.

“काहून पाहून राह्यले गुरुजी? खा, मदत करा.”

मी हसलो. त्यांच्या ताटातला भात माझ्या ताटात ओढत राहिलो.

टिचकी मारायचं काम माझ्याकडे होतं. संध्याकाळी तो हात माझ्या मांडीवर पडलेला असे. मला गप्प करू शकणारा पंजाच निजलेला होता. खरं सांगायला याहून सोपी वेळ नव्हती. मी ठोकत राहिलो.

गाडी वारासिवनीच्या पुढे सरकली आणि एकदा टेबलावरचं मनगट जरासं उचललं गेलं, थरथरलं, पडलं. वहिनींच्या हातातली तार सुटून जमिनीवर उलगडत गेली.

“पाह्यलं का व?” मिस्त्रींनी विचारलं.

“पुन्हा करा,” त्या म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा केलं. पुढे बोटं उघडली. अंगठा सगळ्यांत मागे राहिला.

मग राईस मिलांचं काम मिळालं म्हणून त्यांनी दुकान वारासिवनीला हलवलं. टेम्पो भरून झाला, वहिनी आत बसल्या, तेव्हा मी म्हणालो, “मिस्त्री, त्या दिवशीची म्हैस...”

पंजा उभा राहिला. मनगटातून, सरळ.

यावेळी मी थांबलो नाही. “म्हैस नव्हती, वहिनी. मी फोन काढत होतो.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग मिस्त्रींच्या हाताकडे. मिस्त्रींनी पंजा खाली घेतला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. पाचही बोटांचा दाब मला वेगवेगळा जाणवला.

आता शेजारचं शटर बंद असतं. टेम्पो वळताना खिडकीतून तो हात बाहेर आला होता. अंगठा एकदा मिटला, मग हळूहळू उघडला.

“कटंगी,” मिस्त्री ओरडले.