आधी सारवण, मग फवारणी

देवासचा मारुती मोहिते फवारणीवाला. पाठीला पंप बांधून उदयनगरच्या जंगलातले पाडे पालथे घालायचा आणि घराघरांतून भिंतींवर डासांचं औषध मारायचा. हात असा बसलेला की बोट ठेवायला जागा नाही. अन् त्याचाच गड्याला भारी ताठा!

तरी एका पाड्यात दरवर्षी दिवाळीनंतर हिवताप यायचाच. मागच्या साली तिथल्या गुड्डीचं तान्हं बाळ त्यात गेलं. यंदा तिला पुन्हा सातवा लागला होता. मारुतीने तिचं घर दोनदा फवारलं. म्हणाला, "आता डासाची काय बिशाद!"

दिवाळीच्या तोंडावर तो सहज डोकावला, तर पायाखालची जमीनच सरकली. भिंती शेणामातीने लख्ख सारवलेल्या. सगळं औषध मातीखाली!

"हे काय करून ठेवलंस, बाई?"

"दिवाळीला ढोरांची पूजा असते ना, भिया. तुमचे पांढरे डाग कसे ठेवायचे? दरसाल सारवतो आम्ही."

दरसाल! म्हणजे मागच्या सालीही. 

घरी येऊन त्याने आईपुढे बायकांच्या अडाणीपणाचा पाढा वाचला. माई फणकारली, "अडाणी कोण रे? दहा वर्षं फवारतोस. सारवणार केव्हा, हे एकदा तरी पुसलंस त्यांना?"

 रात्रभर त्याला ते बाळच दिसत राहिलं.

सकाळी पुन्हा औषध मागायला त्याने खात्याच्या साहेबांपुढे ठाण मांडलं. फवारणीची फेरी संपली होती, साहेब ऐकेनात. "चूक माझी आहे साहेब, तिची फळं त्या पाड्याने का भोगायची?" असं म्हणून तो हललाच नाही, तेव्हा कुठे औषध मिळालं.

पण गुड्डी दारात आडवी उभी. पूजा दोन दिवसांवर, अन् पुन्हा डाग?

"गुड्डी, मागच्या साली औषध मातीखाली गेलं. मी आधी विचारायला हवं होतं. माझं चुकलं गं."

ती भिंतीकडे वळली. डोळे पुसले, आणि स्वतःच भांडीकुंडी उचलून अंगणात मांडू लागली. तिचं बघून सगळ्या पाड्याने घरं मोकळी केली.

त्या हिवाळ्यात पाड्यात कुणाला ताप आला नाही. पौषात गुड्डीला मुलगी झाली.

पुढच्या साली फवारणीची यादी लागायच्या आतच मारुतीचा फोन वाजला. मागे पोरगी जोरजोरात किंचाळत होती.

"भिया, यंदा आम्ही लवकर सारवलं," गुड्डी म्हणाली. "भिंती वाळल्यात. या आता."