गिरणीतून पळणारी बाईसा

बाईसा चालताना आधी खाली बघायची, मग पाय टाकायची. ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली तर त्या निघून जाईपर्यंत फडकं हातात धरून उभी राहायची. कूलरच्या पाण्यावर डास व्हायचे, तर ते पदराने हाकलायची, मारायची नाही. आणि हीच बाई रोज संध्याकाळी एका खुन्यापासून जीव मुठीत धरून पळायची, किंचाळायची, आणि वाचली की लहान पोरीसारखी हसायची. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

जळगावात मेहरूणला आमच्या घराला लागून तिचं घर. मध्ये एकच भिंत. तिच्या मुलाचं, किशोरचं, बाजारात भांड्यांचं दुकान. माणसं राजस्थानकडची, जैन, पण तीन पिढ्या जळगावातच गेलेल्या. मला ती अक्का म्हणायची. मी धुळ्याकडची, माझी बोली ऐकली की तिला हसू यायचं.

त्या वर्षी आमचे नाना, माझे यजमान, गेले. मला रडू आलं नाही. आलेल्या बायका माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या, आता रडेल, मग रडेल. मी त्यांना चहा द्यायची. मला दुःख होत नव्हतं, सुखही होत नव्हतं. हात भाकरी थापत होते म्हणून भाकरी होत होती. बाईसाने मात्र रडून घे असं एकदाही म्हटलं नाही. तिने एका संध्याकाळी भिंतीवर थाप मारली आणि म्हणाली, "अक्का, एकटी बसू नको. वर ये, तुला भूत दाखवते."

तिच्या वरच्या खोलीत टीव्हीला एक काळा डबा जोडलेला होता. तो तिच्या नातीचा, किशोरच्या मुलीचा. नातीने जातीबाहेर लग्न केलं, पुण्याला गेली, आणि डबा इथेच राहिला. किशोरने तेव्हा सांगितलं, त्या पोरीचं नाव या घरात घ्यायचं नाही. मला कुणी मनाई केलेली नाही, म्हणून मी लिहिते. तिचं नाव सोनल.

खेळ नवाच निघालेला होता. बंद पडलेली एक जुनी गिरणी, सगळा अंधार. चार जण आत अडकलेले. त्यांनी गिरणीची यंत्रं चालू केली की फाटक उघडतं. पाचवा खुनी. तो त्यांना एकेक करून पकडतो आणि खांबाला बांधतो. बांधलेल्याला दुसऱ्याने येऊन वेळेत सोडवलं नाही तर तो मेला. हे पाचही जण खरी माणसं असतात, आपापल्या घरी बसून खेळतात. चौघांतली एक बाईसा, एक पुण्याहून सोनल, एक सोनलचा नवरा, आणि चौथं कोणीतरी अनोळखी. बाईसा कानाला मोठी टोपणं लावायची. त्यातून ती सोनलशी बोलायची. घरात कुणाला पत्ता नव्हता. म्हातारी वर बसून काहीतरी खेळते, एवढंच ठाऊक. कुणाबरोबर, हे कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

सूर्य मावळल्यावर ती अन्नपाणी घ्यायची नाही. खालची मंडळी जेवायच्या गडबडीत असायची, ही वर मोकळी. मला शेजारी बसवायची आणि एक टोपण माझ्या बाजूने उचलून ठेवायची, मलाही ऐकू यावं म्हणून. खुनी जवळ आला की छातीत धडधडल्यासारखा आवाज यायचा. बाईसा माझी मांडी गच्च धरायची. मी विचारायची, "बठ्ठा मरनात का?"

"अगं मेले नाहीत अजून! तुला भीती कशी वाटत नाही?"

"नही वाटत."

"मग इथेच बस. तुझ्याकडे बघून मला धीर येतो."

मला काहीच वाटत नव्हतं हे खरं होतं. पण त्याचा कुणाला उपयोग होतो, हे मला तिनेच सांगितलं.

कधीकधी खेळ तिलाच खुनी करायचा. तेव्हा मात्र ती हात मांडीवर ठेवून गप्प बसायची. टीव्हीवरचा तिचा खुनी भिंतीकडे तोंड करून उभा. चौघं आरामात यंत्रं चालू करून निघून जायचे. सोनल ओरडायची, "दादीसा, मार ना! अशाने मजा काय?"

"पाप लागतं."

"खोटं आहे गं ते सगळं."

"खोटं असतं तर मला घाम का फुटला असता? भीती खरी, तर पापही खरंच."

मग बाईसा मला म्हणाली, "बघितलंस का अक्का, खुनी झालं की फक्त समोरचं दिसतं. पळणारा झालं की आपली पाठसुद्धा दिसते." मी बघितलं, तसंच होतं. खेळच तसा केलेला होता.

सोनलचा नवरा खेळात कच्चा होता. फाटकापाशी पोहोचलेला असायचा, एक पाऊल टाकलं की सुटला. तेवढ्यात मागे कुणीतरी बांधलेलं दिसायचं की हा परत फिरायचा. बहुतेक वेळा स्वतःच अडकायचा. बाईसा कपाळावर हात मारायची. "येडा आहे! पळ म्हटलं तर उलटा येतो." मग हळूच म्हणायची, "पोरगा चांगला आहे अक्का. हे किशोरला कुठल्या तोंडाने सांगू?"

आषाढात त्यांचा चातुर्मास लागतो. त्याआधी बायका स्थानकात, जैन साध्वी उतरतात तिथे, जातात आणि त्या साध्वींसमोर, महासतीजींसमोर, चार महिने अमुक सोडलं, असा नियम घेतात. जे सगळ्यांत आवडतं ते सोडायचं, असं बाईसाचं म्हणणं. बाकीच्यांवर ती चिडायची. "आंबा संपला की आंबा सोडतात. उद्या दात पडले की ऊस सोडतील." ती स्वतः एका वर्षी चहा सोडून बसली आणि चार महिने डोकं बांधून फिरली.

मला कळत होतं, यंदा तिला सगळ्यांत काय आवडतं. मी आदल्या दिवशी म्हटलं, "तूप सोड. दूध सोड. खेळाचं नाव काढू नको. सून तिथेच बसलेली असेल. किशोरला कळलं तर डबाही जाईल आणि पोरगीही जाईल."

"महासतीजींसमोर खोटं बोलू?"

"खोटं नको बोलू. गप्प बस."

"दोन्ही एकच," ती म्हणाली.

तिचे गुडघे दुखायचे म्हणून पायऱ्या चढवायला मी बरोबर गेले. तिची पाळी आली. ती उठली, हात जोडले आणि खणखणीत बोलली, "मी भुताचा खेळ सोडते. रोज संध्याकाळी खेळते. माझ्या नातीबरोबर, सोनलबरोबर."

बायका हसायला लागल्या, मग नाव कळलं तशा गप्प झाल्या. महासतीजींनी विचारलं, "खेळात कुणाला मारता का?" ती म्हणाली, "नाही. पळते." त्यांनी नियम दिला. दोन ओळी पुढे तिची सून ललिता, सोनलची आई, बसली होती. तिने मागे वळून बघितलं नाही, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

परत येताना मी म्हटलं, "हाई काय करं तू?"

"किशोर म्हणाला होता, घरात नाव घ्यायचं नाही. स्थानक काय त्याचं घर आहे?"

किशोरला दुकानावरच कळलं. घरी येऊन तो आईला काही बोलला नाही, ललिताला बोलला, "तो डबा माळ्यावर टाक." भिंतीतून मी ऐकलं. ललिता हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ललिता वर आली. बाईसा आणि मी नुसत्याच बसलो होतो. तिने डबा उचलला, पुसला आणि परत तिथेच ठेवला. मग सासूला म्हणाली, "चालू कसा करायचा?"

बाईसाने हात मागे घेतले. "मला नियम आहे, मी हात लावणार नाही. तोंडाने सांगते." आणि एकेक बटण तोंडाने सांगितलं. ललिताने टोपणं कानाला लावली. पलीकडून सोनल म्हणाली असेल, दादीसा. कारण ललिता म्हणाली, "मी आहे." बाईसा उठली आणि खोलीबाहेर जिन्यात जाऊन बसली.

त्यानंतर रोज तसंच. ललिता आत किंचाळायची, आम्ही दोघी जिन्यात. ललिता तर सासूपेक्षा भित्री. मी बाईसाला म्हटलं, "आत जाऊन बस ना. बघायला कुठे बंदी आहे?"

"बघण्यातच तर सगळी मजा होती गं."

तिने हे मुद्दाम केलं का, सुनेला पुढे बसवायला, हे मी तिला विचारलं नाही. व्यापाऱ्याच्या घरातली बाई होती. तिला काय सोडलं की काय मिळतं, हे कळत असेल. नसेलही. मी एवढंच विचारलं, "चार महिने संपल्यावर खेळशील ना?"

"डब्यावर जागा एकच असते अक्का. माझी भरली."

ते चार महिने तिला पुरे करता आले नाहीत. भादव्यात ताप आला, दोन-तीन दिवस राहिला आणि ती गेली. मी गेले, बसले. मला तेव्हाही रडू आलं नाही. या वेळी माझ्या तोंडाकडे बघणारं कोणी नव्हतं, सगळे सोनलकडे बघत होते. ती पुण्याहून नवऱ्याला घेऊन आली होती. किशोर तिच्याशी बोलला नाही. खांदा द्यायला तिचा नवरा पुढे झाला तेव्हा किशोर जरा बाजूला सरकला, इतकंच. त्याच दिवशी दोघं परत गेले.

डबा अजून वरच आहे. संध्याकाळी ललिता खेळते. पळ, पळ, मागे आहे तो, असं ओरडते आणि मधूनच जावयाला नावाने रागावते, तू कशाला परत आलास म्हणून. मी आता वर जात नाही, भिंतीतून ऐकते. किशोर दुकान बंद करून येतो. चपला काढतो, जिन्याखाली येतो आणि तिथेच उभा राहतो. वरचा आवाज थांबेपर्यंत हलत नाही. मग खाकरतो आणि ताट वाढायला सांगतो. वर तो अजून गेलेला नाही.