टाच टेकली

माझा धाकटा भाऊ आठव्या महिन्यात उभा राहिला म्हणून काळाचौकीच्या आमच्या चाळीत पेढे वाटले होते. उभा म्हणजे काय, तर बगलेत धरून जमिनीवर सोडला की त्याचे पाय काठीसारखे ताठ व्हायचे आणि तो चवड्यांवर राहायचा. चाळीतल्या बाळांना पायांवर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या शेजारच्या काकूंनी सांगून टाकलं, पोरगा पैलवान होणार. पैलवान कसला, दीड वर्षाचा झाला तरी तो बसत नव्हता, मानही डुगडुगायची. तरी येणारं-जाणारं माणूस ते ताठ पाय कौतुकाने दाबून बघायचं. मला त्या पेढ्यांचा अजून राग येतो.

परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. जन्मताना मेंदूला इजा झाली, ती बरी होणार नाही. पण त्या इजेमुळे स्नायू आखडतात, आणि रोज ताणले नाहीत तर आखूडच राहतात. मग टाच कधीच जमिनीला लागणार नाही, आणि टाचेमागची शीर कापून लांब करावी लागेल. त्याचीही हमी नाही. व्यायामाच्या बाईंनी पाय कसा ताणायचा ते आईला दाखवलं आणि आईने मान डोलावली. पण आमच्याकडे खानावळ होती. पाळीवरून सुटलेले गिरणीकामगार दोन्ही वेळ जेवायला यायचे, आणि आईचे हात पिठातून निघायचे ते खरकट्यात जायचे.

मग गिरण्यांचा संप झाला. जेवणारी माणसं कोकणात गावी गेली, खानावळ बसली, आई कोळंबी सोलायला जाऊ लागली आणि बाबा घरी राहिले. बाबा साचेखात्यातले, मागावर कापड विणणारे. त्यांनी कधी पोर मांडीवर घेतल्याचं मला आठवत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी भावाचा पाय धरून हिसका दिला. पाय दगडासारखा घट्ट झाला आणि भाऊ किंचाळला. बाबा घाबरले आणि स्वतःच त्याला घेऊन इस्पितळात गेले. बाईंनी त्यांच्या हातांवर हात ठेवून शिकवलं की घाई केली तर स्नायू जास्त आवळतो. हळू न्यायचं, अडलं की तिथेच थांबायचं, सैल पडेपर्यंत. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "सुतासारख्याच आसा तां. हिसको दिलो तर तुटता."

त्यानंतर रोज दुपारी ते पाट मांडायचे. भावाला मांडीत घेऊन त्याचं पाऊल पाटावर ठेवायचे आणि त्याच्या गुडघ्यावर तळवा दाबून वाट बघत बसायचे. टाचेखालून बोट जातं का हे बघण्याचं काम माझं. बोट अडलं की बाबा विचारायचे, "टेकली काय रे झिला?" भाऊ मोजकेच शब्द बोलायचा, तेही सगळं तोंड वाकडं करून. तो म्हणायचा, "तेकली," आणि मग त्याला गुळाचा खडा मिळायचा.

बाहेर मात्र तोच शब्द शिवीसारखा झाला होता. कोणी संप मोडून कामावर गेला की नाक्यावर म्हणायचे, टेकले गुडघे त्याने. बाबाही म्हणायचे, फार तुच्छतेने. कुळथाच्या पिठीवर दिवस काढत होतो, घरात भांडणं होत होती, आणि तरी हे दिवस सरू नयेत असं मला वाटायचं. पुढच्या पावसाळ्यात इस्पितळातल्या बाईंनी पाऊल तपासलं आणि म्हणाल्या, असंच चालू ठेवा, पट्ट्यांचे बूट घालून उभा करून बघू.

चालू कोण ठेवणार होतं? लोक एकेक करून गिरणीत परत जाऊ लागले. बाबा अगदी शेवटी, कोणाला न सांगता, गिरणीच्या फाटकावर गेले आणि तसेच परत आले. आता गरज नाही म्हणाले तिथे. गुडघे टेकूनही कोणी आत घेतलं नाही. मग शिवडीच्या एका गोदामावर राखणदारी मिळाली, बारा-बारा तासांची. घरी आले की ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आईची बोटं बर्फाने आणि कोळंबीच्या काट्यांनी सुजलेली असायची. मी शाळेतून येऊन ताणायचे, पण माझ्या वजनाला तो पाय दाद देत नव्हता. शिवाय भाऊ वाढत होता. हाड वाढतं आणि आखडलेला स्नायू मागे राहतो, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. टाचेखालून पुन्हा माझं बोट जाऊ लागलं, मग दोन बोटं. आई म्हणाली, बाबांना सांगू नको, ते तरी काय करणार.

दसऱ्याला बाबांना सुट्टी मिळाली. एरवी या दिवशी ते गिरणीत साच्याला हार घालायला जायचे. त्या वर्षी ते जेवून उठले आणि त्यांनी पाट मांडला. पाय हळू नेला, अडला तिथे थांबले, पुन्हा थोडा नेला, पुन्हा थांबले. बराच वेळ गेला. मी जागची हलले नाही, तेव्हा त्यांनीच आपलं बोट टाचेखाली सरकवलं. ते कुठेच अडलं नाही. बोट तसंच ठेवून ते खाली बघत राहिले.

भाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्याने ओठ वाकडे केले, मान ताणली, शब्द जुळवला आणि म्हणाला, "बाबा, तेकली."