शूड, मस्ट आणि माझी साक्ष

"हे कोणी लिहिलं?"

डॉक्टरांनी नोंदवही काउंटरवर आपटली. समोर पेशंटचे नातेवाईक, बाजूला दोन सिस्टर. मी हात वर केला. शाळेतल्यासारखा.

"डॉक्टर मस्ट सी द पेशंट. मस्ट? मला हुकूम सोडतेस? सल्ला देताना शूड म्हणतात. म्हण."

"शूड."

"मोठ्यानं."

पाच वेळा म्हणायला लावलं. नातेवाईकांतला एक जण हसला. मी अमरावतीजवळच्या भातकुलीकडची. आई-बाप दुसऱ्याच्या वावरात राबले, मी मराठी शाळेत शिकून नर्स झाले, अकोल्याच्या या खाजगी दवाखान्यात लागले. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

त्यानंतर मस्ट माझ्या हातातून गेलं. लिहिताना आधी डॉक्टरांचा चेहरा दिसायचा. पेशंटचा नंतर.

काही दिवसांनी एक बाळंतीण होती. कोवळी पोर. सकाळीच मोकळी झालेली. दुपारी तिची नाडी पळू लागली, ओठ पांढरे पडले. सासूनं विचारलं, "सिस्टर, हिचे हातपाय काहून थंडे पडून राहिले?"

चादर उचलली. रक्त थांबत नव्हतं.

मी डॉक्टरांना मेसेज लिहिला. मस्ट टाइप केलं. खोडलं. शूड पाठवलं. उत्तर आलं, ओपीडी संपल्यावर येतो. फोन करायची हिंमत झाली नाही. तीन चादरी बदलल्या. ते संध्याकाळी आले. पोर वाचली, पण गर्भाशय काढावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तू शूड लिहिलंस. मस्ट लिहिलं असतंस तर मी लगेच आलो असतो."

टाइप केलेला कागद पुढे सरकवला. पेशंट गंभीर आहे हे नर्सनं कळवलं नाही, असं त्यात होतं.

"यू हॅड बेटर साइन," ते हळू आवाजात म्हणाले.

शाळेच्या इंग्रजी पुस्तकात हॅड बेटर, म्हणजे केलेलं बरं, सल्ल्याच्या धड्यात होतं. ती धमकी असते, हे मला त्या केबिनमध्ये कळलं. एकाच माणसानं मला शूडनं वाकवलं, मस्टनं दोषी ठरवलं. शब्द कोणताही निवडला असता तरी चूक माझीच निघणार होती.

मी सही केली नाही. सरळ वॉर्डात त्या पोरीच्या सासूकडे गेले.

"मावशी, डॉक्टरनं दुपारीच याले पाह्यजे होतं. मी भेली, जोर देऊन सांगतलं नाई. तुमी तक्रार करा. साक्ष मी देईन."

ती म्हणाली, "तवा काहून नाई बोलली?"



तिनं तक्रार केली. माझी नोकरी गेली. आता अमरावतीत खोली घेऊन राहते. दोनदा अनोळखी फोन आले. पलीकडचा माणूस फक्त माझ्या आईचं नाव घेतो आणि ठेवून देतो. परवापासून फाटकासमोर एक मोटरसायकल उभी असते.

चौकशीची तारीख पडली आहे. मी जाणार. माझ्या वऱ्हाडीत बोलणार. आधी माझा गुन्हा सांगीन, पूर्ण. मग त्यांचा.