सिंह राशीला भरीत

हे मी अक्कालाही सांगितलं नाही, आणि सांगायला हवं होतं ते तिलाच. ती जाऊन वर्ष होत आलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि बहुधा कधी पारोळ्यालाही येणार नाही.

गोष्ट तशी भरताची आहे. हसू नका. म्हणजे, हसलात तरी चालेल. मीही पुष्कळ वर्षं मनातल्या मनात हसलोच.

जळगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर पारोळ्याच्या घरी आलो, तेव्हा थोरली बहीण, अक्का, विधवा होऊन तिथंच राहत होती. आमच्या घरातून शाळेत मी गेलो आणि ती निंदणीला. त्यामुळे सकाळी चहाबरोबर पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. तिला राजकारण नको असे, पाऊसपाणी नको असे. पेपर उघडला की ती पदर सारखा करून बसे आणि म्हणे, "भाऊ, मना सिंह काय म्हणस?"

पहिला बदल मी चांगल्या मनानं केला — निदान तेव्हा तसं वाटलं. भविष्यात 'प्रकृतीची काळजी' असं छापलं होतं. ती दिवसभर छातीवर हात ठेवून बसली असती. मी वाचलं, 'दिवस आनंदाचा.' ती खरंच दिवसभर आनंदात होती. आता सांगा, यात वाईट काय होतं?

दुसऱ्या आठवड्यात मी वाचलं, 'सिंह — घरी भरीत केल्यास मनःशांती.'

का वाचलं? हिवाळा होता. बाजारात भरताची हिरवी, लांब वांगी आली होती. आणि अक्का सलग तीन दिवस खिचडी करत होती. तिनं उठून पिशवी घेतली. दुपारी अंगणात कापसाच्या काड्या पेटल्या, वांगी भाजली, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर असं भरीत झालं की मनःशांती खरोखरच आली — दोघांनाही. तिचा भविष्यावरचा विश्वास वाढला. माझी भीड चेपली.

मग सिंह राशीला शेवभाजी लाभू लागली. दुपारच्या वेळी घरातल्या माणसाला झोपेतून उठवणं अशुभ ठरलं. साक्रीला चुलतभावाच्या नातवाचं लग्न होतं. मला एसटीत बसून जायचा कंटाळा, म्हणून 'पश्चिमेकडील प्रवास टाळा' असं निघालं. साक्री पश्चिमेला आहे हे अक्काला ठाऊक होतं. ते पेपरला कसं कळलं, असा प्रश्न तिला पडला नाही. तिला त्या लग्नाला जायचं होतं. नवी साडी काढून ठेवली होती. तिनं ती घडी करून परत ठेवली, आणि मी पान उलटलं.

आणखी एक गोष्ट आहे — ती भरतापेक्षा खरी. मी आयुष्यभर मोठ्यानं बोलू नये अशाच जागी बसलो. माझं बोलणं मन लावून ऐकणारी अक्का एकटीच. रोज सकाळी, पदर सारखा करून.

मग शाळेत वर्ग सुरू झाला. उतारवयातल्या बायामाणसांसाठी, शाळा सुटल्यावर. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या पहिलीच्या बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसू लागल्या. शेजारच्या सुमनबाई पहिल्या आठवड्यात स्वतःचं नाव लिहायला शिकल्या, पण वाचायची वेळ आली की अडत. नवऱ्याचं नाव जन्मात कधी उच्चारलेलं नाही आणि नेमकं तेच मधे! त्या त्यावर बोट ठेवत आणि म्हणत, "सुमनबाई — त्या — पाटील." 'त्या' म्हणजे आमच्याकडे 'ते'. शिकवणाऱ्या बाई म्हणत, पूर्ण वाचा. सगळा वर्ग एका सुरात त्यांच्या नवऱ्याचं नाव ओरडे आणि त्या लाजून पाटीआड तोंड लपवत. रोज हाच तमाशा. अक्का खिडकीतून बघून आली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

मग म्हणाली, "भाऊ, मी भी जासू. शिकी लिसू. मना सिंह मीच वाचसू, तुले तरास नही."



मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. तिला पाटी आणून द्यायची आणि एकदा ओशाळं हसून खरं सांगून टाकायचं. तिनं चार दिवस शिव्या दिल्या असत्या. चार दिवस खिचडी. बस, एवढंच. त्याऐवजी दुसऱ्या सकाळी मी वाचलं — 'सिंह — नव्या विद्येचा आरंभ संक्रांतीनंतर करावा.' संक्रांत झाली, तेव्हा चैत्रापर्यंत थांबणं हितकारक ठरलं. परीक्षा फाल्गुनात होती.

अक्का थांबली. ग्रहांचा मान राखणारी बाई. परीक्षेच्या दिवशी गल्लीतल्या बायका देवापुढे नारळ फोडून निघाल्या, तेव्हा तिनं प्रत्येकीच्या हातावर दही घातलं आणि दारात उभी राहिली.

इथवर मी लबाड होतो. पुढचं त्याहून वाईट आहे.

सुमनबाई पास झाल्या. पेढे घेऊन आल्या, तेव्हा पेपर ओट्यावरच पडला होता. त्यांनी तो उचलला आणि अक्काला म्हणाल्या, थांब, तुनं भविष्य मी सांगस. बोट ठेवून, घाम पुसत, एकेक अक्षर फोडत त्यांनी वाचलं — "सिं-ह. ख-र्च वा-ढे-ल. वा-द टा-ळा-वा." मग पान उलटंसुलटं करून पाहिलं. "अक्का, आठे पेपरमा वांगं काही नही शे."

अंगणात काड्यांवर वांगी भाजत होती. सकाळी मीच वाचलं होतं, आणि अक्कानं ते गल्लीभर सांगितलं होतं.

अक्का खो खो हसली. "अवं, तू कालनी शिकेल! मना भाऊ जल्मभर पुस्तकंमाच ऱ्हायेल शे!" आणि दोघी माझ्याकडे बघू लागल्या. अक्का अभिमानानं. सुमनबाई — कसं सांगू — पहिलीतलं मूल पाटी पुढे करून बघतं, तशा.

त्यांनी बरोबर वाचलं होतं. काना न् मात्रा बरोबर.

मी म्हणालो, "सराव हवा, सुमनबाई. जोडाक्षरं फसवतात."

त्यांनी पेपर होता तसा घडी करून ठेवला. पेढा खाल्ला नाही. अक्कानं त्या दिवशी भरीत नेहमीपेक्षा झकास केलं होतं, आणि मी ते दोनदा वाढून घेतलं.

चैत्र आला तेव्हा वर्ग बंद झाला होता. अक्का म्हणाली, जाऊ दे, तू शेसच ना. त्यानंतर चार वर्षं मी होतोच. शेवटच्या आजारपणातही ती सिंह विचारायची आणि मी तोंडाला येईल ते वाचायचो. वाचलं की तिला झोप लागायची. ती गेल्यावर एका सकाळी पेपरातलं जसंच्या तसं वाचून पाहिलं. आवाज ऐकणारं कोणी नव्हतं.

परवा स्टँडवर सुमनबाई भेटल्या. लेकीकडे धुळ्याला निघाल्या होत्या. बस लागली. त्यांनी मान वर केली, डोळे बारीक केले, ओठ हलले — मी शेजारीच होतो, ऐकलं. "धु-ळे." स्पष्ट. मग त्या जागच्या हलल्या नाहीत. गर्दी चढत होती, कंडक्टर ओरडत होता. पिशवी छातीशी धरून त्या माझ्याकडे वळल्या.

"नाना, तुम्हीच वाचा ना. मी कसं वाचस, ते तुमले म्हाईत शे."

मी वाचलं. मग त्या बसमध्ये चढल्या.